वॉर्डातली खरकट्याची बादली

दुपारचे दीड वाजलेले असतात. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात बेसिनखाली एक निळी बादली ठेवलेली असते. जेवणाची ट्रॉली येऊन गेली की अर्ध्या तासात ती भरू लागते. आधी भात, त्यावर वरणाचा पिवळा ओघळ, मग अर्ध्यामुर्ध्या मोडलेल्या चपात्या, दुधीची भाजी आणि कधीकधी न सोललेलं अख्खं अंडं. दोनच्या सुमारास मावशी ती उचलून मागच्या जिन्यानं खाली नेतात, मोठ्या पिंपात उपडी करतात आणि धुऊन परत जागेवर ठेवतात. बादलीत काय होतं, किती होतं, कोणत्या खाटेवरच्या ताटातलं होतं, याची नोंद कुठेच होत नाही. त्याच वॉर्डात, दहा पावलांवर, सलाइन किती मिलिलिटर गेलं आणि लघवी किती मिलिलिटर झाली हे मात्र तक्त्यात नेमानं लिहिलेलं असतं.

आहाराच्या कामानिमित्त मी अशा बादल्या बरीच वर्षं बघते आहे. रुग्णालयात अन्न वाया जातं हा विषय निघाला की बोलणं लगेच संस्कारांवर येतं. मग भिंतीवर ‘अन्न वाया घालवू नका’ अशी पाटी लागते आणि आठवड्याभरानं तिच्याकडे कोणी बघत नाही. लग्नाच्या पंगतीत टाकलेल्या जिलेबीला ही पाटी लागू पडेल. आजारी माणसाच्या ताटात राहिलेली चपाती बहुतेक वेळा त्याची न बोललेली तक्रार असते. चावता येत नाही, हात मोकळा नाही, जेवण आलं तेव्हा तो सोनोग्राफीच्या रांगेत होता, असं काहीतरी. म्हणून ही बादली केस पेपरसारखी वाचायची, एवढंच मला सांगायचं आहे. रुग्णाच्या पोटात अन्न गेलं की बादली आपोआप हलकी होते. उलट बाजूनं सुरुवात केली, म्हणजे बादली हलकी करायचीच असं ठरवलं, तर ती हलकी होईलही आणि रुग्ण उपाशी राहतील.

हा लेख नांदेड-लातूरकडच्या वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारे आचारी, आहारतज्ज्ञ, वॉर्डाच्या सिस्टर, मेसचं कंत्राट घेणारे, अभ्यागत समित्यांवरची मंडळी आणि खाटेशेजारी बसलेले नातेवाईक, सगळ्यांसाठी यात काही ना काही आहे. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात हिंगोली, परभणीबरोबर यवतमाळकडचे आणि तेलंगणाच्या सीमेवरचेही रुग्ण येतात. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा १९६६ पासून चालत आलेल्या विवेकानंद रुग्णालयात धाराशिव आणि बिदरकडची माणसं असतात. एकाच वॉर्डात भाकरीवाला, भातवाला, उपवासवाला आणि रोजेवाला शेजारीशेजारी झोपलेले असतात. पुण्या-मुंबईचा आहारतक्ता इथे जसाच्या तसा चालत नाही, आणि बादली हे रोज दाखवत असते.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असंही नाही. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी निरनिराळ्या देशांतल्या रुग्णालयांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वाढलेल्या जेवणातलं वजनानं साधारण ३० टक्के अन्न ताटातच राहत असल्याचं दिसलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तर १८५९ सालच्या शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात, समोर अन्न असूनही केवळ ते देण्याच्या पद्धतीकडे लक्ष नसल्यानं रुग्ण उपाशी राहतात, हे लिहून ठेवलं आहे. दीडशेहून अधिक वर्षं झाली त्याला.

पहिले सात दिवस फक्त वजन करा

सुरुवातीला काहीही बदलू नका. मेनू तोच, आचारी तोच, कंत्राट तेच. एक ताणकाटा आणि शंभर पानी वही आणा. स्वयंपाकघरात दोन पिंपं ठेवा. एकात फक्त निवडण्या-चिरण्याचं जाईल: देठं, साली, किडकं माळवं, चाळणीतला कोंडा, करपलेलं, सांडलेलं. दुसऱ्यात शिजलं पण वाढलंच गेलं नाही असं अन्न, म्हणजे पातेल्यातून आणि ट्रॉलीतून परत आलेलं. वॉर्डातल्या बादलीत फक्त ताटातलं उष्टं. या तीन ढिगांची कारणं वेगळी असतात आणि ते कमी करणारी माणसंही वेगळी. पहिला ढीग कोठीचा आणि चिरणाऱ्या हाताचा, दुसरा आकडेमोडीचा, तिसरा वॉर्डाचा. सगळं एकाच पिंपात गेलं की दोष आचाऱ्याच्या माथी मारून सगळे मोकळे होतात.

रोज दोन्ही वेळची वजनं लिहा आणि त्या दिवशी किती जणांना वाढलं तो आकडा शेजारी मांडा. वजनाला ताटांच्या संख्येनं भागलं की दर ताटामागे किती ग्रॅम गेलं ते कळतं. नुसते किलो लिहिले तर डेंग्यूच्या दिवसांत वॉर्ड भरलेला असतो म्हणून आकडा वाढतो आणि दिवाळीत वॉर्ड रिकामा म्हणून कमी होतो. त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

वॉर्डाच्या बादलीचं वजन करताना मावशींना आणि मामांना बरोबर घ्या. कोणत्या खाटेवरचे बाबा भाजीला हात लावत नाहीत, कोण फक्त दूध पितं, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसतं, म्हणून ते सांगत नाहीत. एक खबरदारी मात्र घ्या. संसर्गजन्य आजाराच्या वेगळ्या कक्षातलं उष्टं या मोजमापात आणू नका. त्याची विल्हेवाट रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीनं ठरवलेल्या पद्धतीनंच व्हायला हवी.

शिजलं आणि परत आलं

बहुतेक स्वयंपाकघरांत या दुसऱ्या ढिगावर सगळ्यात लवकर उपाय होतो. घडतं असं. वॉर्डाचं मागणीपत्र आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे भरलं जातं. त्यात खाटांवरची नावं मोजलेली असतात. सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड होतो, चार जणांना डिस्चार्ज मिळतो. दोघांना ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचं असतं, एकाला अतिदक्षता विभागात हलवलेलं असतं, आणि नातेवाइकांनी ‘आम्ही घेऊन जातो’ म्हणत नेलेला एखादा असतो. स्वयंपाकघरात मात्र आदल्या रात्रीचाच आकडा शिजत असतो. त्यातच ‘कमी पडायला नको’ म्हणून सिस्टर दोन वाढवतात, कोठीवाला पाच वाढवतो, आचारी एक डाव जास्तीचा तांदूळ टाकतो. तिघांचाही हेतू चांगलाच असतो. तिघांची भर शेवटी पिंपात जाते.

यावर उपाय साधा आहे. तांदूळ भिजत घालण्याआधी, म्हणजे साधारण साडेनऊ-दहाला, प्रत्येक वॉर्डातून दुसरा आकडा यायला हवा. मोबाईलवर चार आकडे पाठवले तरी पुरतात: साधं जेवण, मऊ जेवण, पथ्याचं जेवण आणि उपाशी. जबाबदारी एका नावावर ठेवा. सिस्टर राउंडमध्ये अडकल्या असतील तर वॉर्डातल्या दुसऱ्या कोणी तरी तो पाठवायचा हे आधीच ठरलेलं असू द्या. ‘कमी पडलं तर’ ही भीती घालवायला स्वयंपाकघरात भात दोन घाण्यांत करा. मोजलेल्यातला तीनचतुर्थांश आधी, उरलेला ट्रॉली निम्म्या वॉर्डांतून फिरून आल्यावर. कणीक पूर्ण तिंबून ठेवली तरी शेवटच्या चपात्या मागाहून लाटता येतात. वरण घट्टसर ठेवलं तर शेवटी उकळतं पाणी घालून दोन उकळ्या काढून वाढवता येतं, पातळ झालेलं घट्ट करता येत नाही. आचाऱ्यांना हे सांगायला नको. त्यांना ‘कमी पडलं तर तुझी जबाबदारी नाही’ एवढं लेखी मिळालं तरी ते निर्धास्त होतात.

ब्रिस्बेनच्या मेटर रुग्णालयानं रुग्णाला हवं तेव्हा हवं ते मागवण्याची सोय सुरू केली, तेव्हा ताटात राहणारं अन्न २९ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं आणि रुग्णांच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांत आणि प्रथिनांत वाढ झाली. तसा थाट आपल्या सरकारी रुग्णालयाला परवडणार नाही, पण त्यातलं मर्म घेता येतं. विचारणं आणि वाढणं यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकं ताट जास्त रिकामं होतं.

एक हिशेब मांडून दाखवते. समजा एका मध्यम आकाराच्या स्वयंपाकघरातून रोज सहा किलो शिजलेला भात परत येतो. एक किलो तांदळाचा साधारण अडीच ते तीन किलो भात होतो, म्हणजे रोजचे दोनेक किलो तांदूळ गेले. शंभर दिवसांत दोनशे किलो. एक किलो तांदूळ पिकवायला जगाच्या सरासरीनं सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं असं मानतात. दोनशे किलोंना पाच लाख लिटर होतात. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या पहिल्या गाडीत, आपल्या ‘जलदूत’मध्ये, पाच लाख लिटरच पाणी होतं. तो तांदूळ मांजरेच्या पाण्यावर पिकलेला नसतो, हे मला कळतं. पण त्या उन्हाळ्यात ज्यांनी टँकरपुढे घागरी लावल्या, त्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मी तो लातूरकडच्या आचाऱ्यांना सांगते तेव्हा कोणी तरी हमखास बोटांवर परत मोजून बघतं.

मागणीपत्र भरताना पंचांगही जवळ असू द्या. एकादशी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजान या दिवसांत आकडे बदलतात. नांदेडच्या जुन्या शहराकडचे रुग्ण असतील तर रमजानात पहाटेच्या आणि संध्याकाळच्या जेवणाची वेळ विचारून घ्यावी लागते. रोजा धरावा की नाही हे रुग्णाच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टरांशी बोलून ठरायला हवं, तेही आधी. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत वेळ अमावस्येला गावंच्या गावं शेतात असतात आणि दुपारनंतर रुग्णालयात भज्जीचे आणि अंबिलाचे डबे येतात. त्या दिवशी वॉर्डात नेहमीइतकाच स्वयंपाक करायचा म्हणजे तो परत येणार हे आदल्या दिवशीच ठरलेलं असतं.

ताटात राहिलं

या ढिगाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

एका रुग्णालयात दुपारच्या वेळी एका बाबांच्या खाटेशी थांबले होते. वय सत्तरीपुढचं, न्यूमोनियातून उठत होते. ताट मांडीवर होतं, जेवण जसंच्या तसं. चपातीचा एक कोपरा मोडलेला, वरणात बुडवलेला आणि तसाच सोडलेला. मी विचारलं, भूक नाही का? ते म्हणाले, ‘‘भूक हाय बाई. दातच न्हाईत, चावावं कशानं?’’ त्यांची कवळी गावी राहिली होती. आणि सलाइनची सुई उजव्या हाताच्या मनगटाजवळ, पट्टीला बांधलेली. डाव्या हातानं जेवायचं त्यांना पटत नव्हतं. बायको औषधं आणायला खाली गेली होती. त्यांच्या पत्रकावर ‘साधा आहार’ लिहिलेलं होतं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या हिशेबी सगळं बरोबर होतं. बायको आली, तिनं चपाती चुरून दुधात भिजवली, चमच्यानं भरवली आणि दहा मिनिटांत ताट रिकामं झालं.

त्या एका ताटात कामाची यादीच होती. भरतीच्या वेळी चार प्रश्न विचारून ते केस पेपरच्या पहिल्या पानावर लिहायचे: दात आहेत का, कोणत्या हातानं जेवता, घरी भाकरी खाता की भात, काही वर्ज्य आहे का. डॉक्टर आणि सिस्टर यांना माझी कळकळीची विनंती आहे की वैद्यकीय अडचण नसेल तर सलाइनची सुई जेवणाच्या हाताला लावू नका. लावावीच लागली तर पत्रकावर ‘भरवणे’ असं लिहा आणि त्या खाटेशी जेवणाच्या वेळी कोण असेल ते ठरवा. ज्यांना दात नाहीत त्यांना मऊ आहार हा औषधाइतकाच ठरलेला असू द्या. मऊ आहार म्हणजे पांढरी पेज असंही काही नाही. भाकरीचा दुधातला किंवा वरणातला काला, मुगाची पातळ खिचडी, मऊ पिठलं, शिजवून घोटलेला भोपळा, हे सगळं आपल्याकडच्या माणसाला ओळखीचं असतं आणि घशाखाली उतरतं.

भाकरीचं सांगायलाच हवं. मोठ्या स्वयंपाकघराला चपाती सोयीची असते, भाकरी थापायला हात आणि वेळ लागतो, आणि थंड झाली की ती कडक होते. म्हणून बहुतेक ठिकाणी चपातीच मिळते. पण लोहा, कंधार, अहमदपूरकडच्या जन्मभर ज्वारी खाल्लेल्या म्हाताऱ्याला चारही दिवस चपातीच आली तर पाचव्या दिवशी त्याच्या घरून भाकरी येते आणि रुग्णालयाची चपाती बादलीत जाते. किनवट, बिलोली, धर्माबादकडच्या रुग्णाला भात जास्त लागतो. सगळ्यांना रोज सगळं देणं जमणार नाही. निदान रात्रीच्या जेवणात आठवड्यातून तीन दिवस भाकरी, आणि भातवाल्यांना एक चपाती कमी करून एक डाव भात जास्त, एवढी अदलाबदल तरी बघा. आहारतज्ज्ञांनी उष्मांक आणि प्रथिनं जुळवून ठेवली की झालं.

पथ्याचं जेवण सगळ्यात जास्त परत येतं, आणि ज्यांना ते जायला हवं त्यांच्याकडूनच परत येतं. मीठ काढलं म्हणजे चवही काढली, असं आपण करून टाकतो. जिऱ्याची आणि लसणाची खमंग फोडणी, थोडं लिंबू, चिंचेचा कोळ, भाजलेल्या धन्याची पूड यांनी मिठाची उणीव बरीच भरून निघते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र हेसुद्धा आहारतज्ज्ञांना विचारूनच. बाजारात मिळणाऱ्या मिठाच्या पर्यायी पुड्यांत बऱ्याचदा पोटॅशियम असतं, त्या अशा रुग्णाला परस्पर कधीच देऊ नका.

मग वेळ. जेवण वाढलेलं असताना राउंड येतो, पलंगाखाली फिनेल फिरतं, रक्त घ्यायला कोणी येतं, शेजारच्या खाटेवर ड्रेसिंग सुरू असतं. फिनेलच्या वासात जेवून बघा एकदा. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत जेवणाची वेळ राखून ठेवण्याची पद्धत आहे. तातडीचं नसेल ते सगळं त्या वेळेपुरतं थांबतं. दुपारी पाऊण तास आणि रात्री पाऊण तास एवढं आपल्याकडेही ठरवता येईल. यासाठी पैसा लागत नाही, अधिष्ठात्यांची किंवा वैद्यकीय अधीक्षकांची सही लागते. जो रुग्ण तपासणीला गेला आहे त्याचं ताट खाटेवर झाकून ठेवू नका. त्याचा वाटा स्वयंपाकघरात गरम पेटीतच राहू द्या आणि तो परत आल्यावर मागवा. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड, असंच ठेवायचं असतं. मधल्या तापमानात जंतू वाढतात. आपल्याकडे मे महिन्यात वॉर्डातलं तापमानच चाळिशीला टेकलेलं असतं, तिथे खाटेवर झाकलेला भात दोन तासांनी रुग्णाला द्यायचा नाही. भातात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

थोडं वाढा, परत या

ताटात अन्न राहतं हे दिसलं की सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे सगळ्यांचं ताट लहान करणं. तो करू नका. क्षयरोगानं खंगलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलाला आणि आतड्याच्या ऑपरेशननंतर चार घास जेमतेम खाणाऱ्या आजीला एकच माप लावलं तर बादली हलकी होईल, मुलगा मात्र अर्धपोटी झोपेल.

नांदेडकरांना यावरचा उपाय माहीत आहे. सचखंड गुरुद्वाऱ्यातल्या किंवा लंगर साहिबमधल्या पंगतीत आपण सगळेच कधी ना कधी बसलो आहोत. सेवादार एकदम ताट भरत नाही. थोडी डाळ, एक प्रसादा (पोळी), आणि पुढे जातो. मग परत येतो, विचारतो, हवं असेल तर देतो. पुन्हा एकदा येतो. हजारो माणसं जेवतात आणि ताटात फारसं काही राहत नाही, कारण परत मिळेल याचा भरवसा असतो. वॉर्डात ट्रॉली एकदाच येते. आता घेतलं नाही तर रात्रीपर्यंत काही नाही, हे रुग्णालाही ठाऊक असतं आणि नातेवाइकालाही, म्हणून तो ताट भरून घेतो. ट्रॉलीची दुसरी फेरी सुरू करा. पहिल्या फेरीत दोन चपात्या, अर्धा डाव भात. वीस मिनिटांनी भात, वरण आणि उरलेल्या चपात्या घेऊन पुन्हा एकदा. वाढणाऱ्यांना सुरुवातीला हे जड जातं, हे खरं आहे. त्यासाठी एक माणूस तासाभरासाठी जास्त लागला तर तो द्या.

ज्यांना चारच घास जातात त्यांच्यासाठी त्या चार घासांत बळ घालावं लागतं. खिचडीवर तुपाची धार, भाजीत शेंगदाण्याचं कूट, पेजेत दुधाची पावडर, मधल्या वेळी राजगिऱ्याचा लाडू किंवा अंडं. डॉक्टरांनी काही वर्ज्य सांगितलं नसेल तर हे करता येतं आणि ताट मोठं करावं लागत नाही.

रिकामं ताट कोणी रिकामं केलं?

आपल्या भागात ताट कोणी संपवलं हे बघितल्याशिवाय मोजमाप खरं होत नाही. सरकारी रुग्णालयात रुग्णाबरोबर एक-दोन माणसं असतात. गावाहून आणलेली शिदोरी दुसऱ्या दिवशी संपते. हातात पैसे मोजके, त्यातले औषधाला राखलेले. मग रुग्णाच्या ताटातलं दोघं मिळून खातात, कधी तिघं. ताट स्वच्छ होतं, बादली रिकामी दिसते आणि आपण आनंदानं वहीत शून्य लिहितो. रुग्णाच्या पोटात मात्र दोन घास गेलेले असतात. यात त्या नातेवाइकांना दोष देण्यासारखं काहीच नाही. म्हणून वजनाच्या वहीबरोबर सिस्टरनं रोज वॉर्डातल्या पाच-सहा अशक्त रुग्णांच्या पत्रकावर चार खुणांपैकी एक करावी: पूर्ण, निम्मं, थोडं, काही नाही. तीन दिवस ‘थोडं’ आलं की डॉक्टरांना सांगायचं. लघवीच्या तक्त्याशेजारी एवढी जागा नक्की आहे.

न वाढलेलं, गरम पेटीत राखलेलं अन्न उरलंच तर ते सगळ्यात आधी याच नातेवाइकांना, त्याच जेवणाच्या वेळेत, ठरलेल्या खिडकीतून द्यावं. बाहेरच्या संस्थेला द्यायचं असेल तर केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम वाचून घ्या. अन्न खाण्यायोग्य असायला हवं, पदार्थाचं नाव, शाकाहारी-मांसाहारी आणि वापरायची मुदत लिहिलेली हवी, योग्य तापमानात ठेवलेलं हवं. वॉर्डात जाऊन आलेलं, रुग्णाच्या खाटेजवळ ठेवलेलं काहीही, अगदी न सोललेलं केळंसुद्धा, परत फिरवायचं नाही.

कंत्राटाचा कागद

मेस कंत्राटावर असेल तर एक ओळ वाचून बघा: पैसे कोणत्या आकड्यावर मिळतात? आदल्या रात्रीच्या मागणीवर मिळत असतील तर दहा वाजताचा दुसरा आकडा कोणालाच नको असतो. वाढलेल्या ताटांवर पैसे, आणि ऐनवेळी कमी झालेल्या ताटांसाठी थोडी ठरलेली भरपाई, असं लिहिलं तर कंत्राटदाराचंही नुकसान होत नाही. रोजच्या वजनाची वही ठेवणं हीसुद्धा कंत्राटातलीच अट असू द्या.

जे उरणारच

देठं, साली, ताटातलं थोडंफार उष्टं राहणारच. ओलं आणि सुकं वेगळं ठेवणं बंधनकारक आहे, आणि रोज १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्या मोठ्या संस्थांवर घनकचरा नियमांनी जास्तीची जबाबदारी टाकली आहे. आवार असेल तर खड्ड्याचं किंवा गांडुळांचं खत सोपं पडतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारा बायोगॅस महाराष्ट्रातच घडला आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी लहान संयंत्र केलं, त्याला २००६ साली अॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ उभं केलं. पण माझं मत असं की संयंत्र सगळ्यात शेवटी घ्यावं. आधी घेतलं की त्याला रोज खाऊ घालायला अन्न उरावंच लागतं. वॉर्डातलं उष्टं डुकरांना किंवा गुरांना घालू नका, कोणी पिंप मागायला आलं तरी.

खाटेशेजारी बसणाऱ्यांसाठी

तुमचा माणूस भरती असेल तर येताना त्याची कवळी, चष्मा, स्वतःचं ताट, वाटी, चमचा आणि पेला घेऊन या. दूध वाटणारे आले तेव्हा पेला नव्हता म्हणून दूध हुकलं, असं रोज होतं. घरून डबा आणणार असाल तर सकाळीच सिस्टरला सांगा, ‘आज दुपारचं आमचं ताट नको’. डब्यात काय आहे तेही सांगा, कारण मधुमेहाचं किंवा मूत्रपिंडाचं पथ्य असेल तर शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं प्रेमानंच आलेलं असतं आणि त्रास मात्र रात्री होतो. जेवण येण्याआधी उशी लावून बसतं करा, हात-तोंड धुवा, गुळणी करायला लावा. औषध आणायला जायचं असेल तर जेवणाच्या वेळेआधी किंवा नंतर जा. आणि ताटात राहिलं तर ते बेसिनखालच्या बादलीत टाकण्याआधी सिस्टरला एकदा दाखवा. त्यांनी काही विचारलं तर संकोच न करता सांगा: चावलं नाही, उलटीसारखं झालं, भाजी तिखट होती, मीच खाल्लं.